जिव्याच्या गोळ्या

बोईसरच्या नाक्यावर औषधांचं दुकान चालवणाऱ्या वैभवीला माणसं ओळखता येतात, असं तिचं स्वतःबद्दलचं मत होतं. दुखण्याच्या जालीम गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, दिल्या की चिठ्ठीवर शिक्का मारायचा, हा कायदा कडक झाल्यापासून तर ती चिठ्ठीआधी गिऱ्हाइकाचे डोळे वाचायची. कारखान्यातली पोरं डबल पाळी ओढायला याच गोळ्या खातात, आणि त्या त्यांना कोण पुरवतं हे कुणालाच ठाऊक नसतं. दुकानाचा परवाना मात्र तिच्या नावावर होता.

त्यात चिमी आली. वाणगावच्या पूर्वेला डोंगरपाड्यावर राहणारी ही बाई सासऱ्यासाठी, जिव्यासाठी, गोळ्या न्यायची. म्हाताऱ्याला तोंडाचा कॅन्सर. चिठ्ठी खरी, सही खरी, पण महिन्याच्या गोळ्या पंधरवड्यातच संपत आल्या होत्या.

"कुणी घेतल्या गं?"

"घरातच, बाय. आता एकच उरली हाय."

"मग डॉक्टरची नवी चिठ्ठी आण."

"डागतर मंगळवारी येल. तवर बाबा कसा काढंल?" चिमीने मान खाली घातली.

चोराच्या मनात चांदणं, असं वैभवीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पाड्यावर कुणी दलाल असणार आणि जिव्याचं नाव नुसतं पुढे करत असणार. म्हातारा जिवंत तरी आहे का, इथपर्यंत तिची मजल गेली. आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि खरं निघालं तर औषध निरीक्षकाला कळवून त्या घराची गोळी कायमची बंद करायची, म्हणून दुपारी दुकान नवऱ्याच्या हवाली करून तिने स्कूटर काढली.

म्हातारा जिवंत होता. गाल फडक्याने बांधून, गुडघे पोटाशी घेऊन ओट्यावर पडला होता. त्याचं कण्हणं रस्त्यापर्यंत येत होतं. वैभवीला लाज वाटली, पण संशय काही हटेना.

"एवढ्या गोळ्या गेल्या कुठे, बाबा?"

"वाटल्या." जिव्याला बोलणं जड जात होतं. "भात कापून सुनंची कंबर गेली. शेजारनीचे गुडघे. पोराचा खांदा. घरात आलेलं एकट्यानं खायाचं नाय, आमच्यात."

वैभवी हबकली. चोरी निघाली असती तर तिला सोपं गेलं असतं. आत जिव्याचा मुलगा कमलेश भर दुपारी झोपला होता, चिमीने हलवलं तरी उठेना.

"औषध वाटायचं नसतं, बाबा. याची चटक लागते, पोराकडे बघा. ही गोळी फक्त तुमची."

पटल्यासारखी जिव्याने मान हलवली. मग उशाची डबी उघडली, उरलेली गोळी मोडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली.

"उन्हातनं आल्या तुमी. डोकं दुखत असंल."

"मला नको. तुम्ही घ्या."

"पाहुणीनं नाय खाल्ली तं मी कसा खाऊ?" त्याने दोन्ही तुकडे डबीत टाकले, झाकण लावलं आणि पुन्हा गुडघे पोटाशी घेतले.

वैभवीने समजावलं, रागावून पाहिलं, हात जोडले. म्हातारा कण्हत राहिला, पण डबीला हात लावेना. शेवटी तिनेच झाकण काढलं, अर्धी गोळी त्याच्यादेखत जिभेवर ठेवली आणि गिळली. तेव्हा कुठे जिव्याने आपली खाल्ली.