कडा कापलेलं चित्र

मला एक वेळ शिळं जेवण चालेल, पण कापलेलं चित्र चालत नाही. क्रिकेटचा स्कोअर खालून अर्धा गेलेला दिसला तरी माझं डोकं फिरतं आणि मग, बायकोच्या म्हणजे चैतालीच्या भाषेत, मी सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटत बसतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून परत तेच करायचं, असा माझा जन्म चालला आहे. हौस म्हणजे माझा यूट्यूब चॅनेल. जुने टीव्ही-गेम आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या शेजारी शेजारी लावून कोणाचं चित्र चांगलं, ते मी मराठीत सांगतो. बघणारे फार नाहीत, पण जे आहेत ते माझ्याइतकेच खवट आहेत.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला केलेली तुलना मात्र घरची होती. आम्ही निफाडला राहायचो तेव्हा द्राक्षांच्या एका चांगल्या हंगामात अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हा दोघा भावांना एक टीव्ही-गेम आणून दिला होता. त्यातला विमानांचा गेम खेळत आम्ही मोठे झालो. तीच मशीन आता कंपनीने तळहाताएवढी करून नव्याने बाजारात आणली होती. जुनी मी जपून ठेवली होती, आणि तिच्यासाठी तो जुना डबा टीव्हीसुद्धा. चैताली त्याला सवत म्हणते. नवी मशीन जोडली होती हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला. आणि निकाल द्यायला बसवलं होतं रवीदादाला.

रवीदादा माझा थोरला भाऊ. इंदिरानगरातल्या आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि शाळेची व्हॅन चालवतो. आमच्या भागातली बरीचशी पोरं त्याच्या गाडीत असतात, माझी हर्षालीसुद्धा. नाशकात इतकी वर्षं काढली तरी बोलणं अजून निफाडचंच. त्या गेममधलं कुठलं विमान कुठून येणार, हे त्याला झोपेतही सांगता येईल. शिवाय त्याला आपल्या नजरेचा भारी अभिमान. सिग्नलला थांबलो की तो चार गाड्या सोडून पुढच्या गाडीचा नंबर वाचून दाखवणार आणि मग माझ्या चष्म्याकडे बघून हसणार.

वहिनी निफाडला गेल्या होत्या, म्हणून दादा दुपारी आमच्याकडेच जेवला. दोन घास खाल्ल्यावर म्हणाला, "चैताली, आज लोणचं नाय का वाढलं?"

ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं सगळं रीतसर वाढलेलं होतं.

"दादा, काखेत कळसा अन् गावाला वळसा," चैताली हसत म्हणाली आणि तिने ताट जरासं फिरवलं.

"हां, हे काय. तू आत्ता वाढलं," दादा म्हणाला. आम्ही हसलो. दादाची थट्टा करायची खोड आहे, त्यामुळे तो थट्टा करतोय असंच आम्हाला वाटलं.

जेवणं झाल्यावर मी कॅमेरा लावला. आधी जुनी मशीन. दादा सोफ्यावर टेकून बसला आणि समोरच्या लहानशा टीव्हीवर असा खेळला की मला आमच्या निफाडच्या घराची ओसरी आठवली. चित्र पुसट, रंग एकमेकांत उतरलेले, मधूनच एक आडवी रेघ खाली सरकत जाणारी. पण दादा खूश. मग नवी मशीन. तिच्या खेळायच्या बटणांची वायर कंपनीने इतकी आखूड दिलेली की टीव्हीला नाक लावूनच बसावं लागतं. दादा सतरंजीवर पुढे सरकून बसला आणि पहिल्याच फेरीत मेला. दुसऱ्या फेरीत परत मेला. तिसऱ्यात तर त्याचं विमान उडालं न् उडालं तोच कडेने दुसरं येऊन धडकलं.

"हे मशीन कडा कापतंय," दादा म्हणाला.

"नाही कापत. मी मोजून बघितलंय."

"मग ते विमान कुठनं आलं? एकदम मधीच उगवलं. जुन्यात कसं, कोपऱ्यातनं निघालं की दिसतं."

आता हा दोष काही नवलाचा नाही. पुष्कळ टीव्ही चित्र थोडं मोठं करतात आणि चारी बाजूंनी बोटभर पट्टी गिळून टाकतात. आमच्या चॅनेलवर निम्मी भांडणं त्यावरच होतात. पण मी टीव्हीची सेटिंग आदल्याच दिवशी तपासली होती आणि माझ्या तपासणीवर कोणी शंका घेतली की माझा पारा चढतो. मी गेमचं पहिलं पान लावलं. त्या पानावर मध्ये नाव आणि चारी बाजूंनी चांदण्यांची झालर असते.

"ही काय झालर. पूर्ण आहे."

"कुठंय झालर? नाव दिसतंय नुसतं."

"दादा, व्हिडिओ चालू आहे. मस्करी पुरे."

"मस्करी कशाला करू? जुन्यात झालर होती, ह्यात नाय. निकाल दे तू, नवं मशीन बाद."

मी चिडून मोबाईलवर टीव्हीचा फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. "आता बोल."

त्याने फोटो नीट पाहिला. "ह्यात हाय की."

"म्हणजे मशीन फोटोत झालर दाखवते आणि तुझ्यापासून लपवते?"

"ते मला काय इचारतो? तूच एक्सपर्ट."

मी टीव्हीपाशी गेलो आणि डाव्या कडेच्या चांदण्यांवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"कुठं?"

"माझं बोट कुठे आहे?"

दादाने मान वळवली. "हां, आता आली बघ झालर." मग त्याने उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे पाहिलं. "पण इकडची आली की तिकडची जाती. सांगितलं ना तुला, मशीनच खराब."

माझं बोट टीव्हीवरच राहिलं. झालर चारी बाजूंनी होती. माझ्या बोटाखाली होती, दादाच्या उजव्या हाताला होती, वर होती, खाली होती.

मी कॅमेरा बंद केला.  अप्पांना शेवटच्या वर्षांत काचबिंदू झाला होता, कडेची नजर गेली होती. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी त्यांना लख्ख दिसायची, पण पायाशी बसलेली मांजर दिसायची नाही. ताटातल्या कडेच्या चटणीला ते हात लावायचे नाहीत आणि आई म्हणायची, यांच्या तोंडाची चवच गेली. कळलं तोवर उशीर झाला होता. हा रोग घराण्यात उतरतो, मुलांनीही डोळे तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तपासून आलो. दादाने खिडकीतून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली आणि म्हणाला, माझी नजर घारीची हाय. तेव्हाही आम्ही हसलो होतो.

आणि व्हॅनचा डावीकडचा आरसा गेल्या महिन्यापासून चिकटपट्टीने बांधलेला होता. उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं, असं दादा म्हणाला होता.

दादाने घड्याळाकडे पाहिलं आणि उठला. "चला, पोरांची वेळ झाली. तुझं मशीन तुला लखलाभ."

व्हॅनची चावी टीव्हीशेजारी होती. त्याच्या आधी ती मी उचलली.

"दादा, आज गाडी काढू नकोस."

"का?"

"तुझे डोळे तपासायचे आहेत."

तो हसला. मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. "गेमात मेलो म्हणून गाडी काढू नको म्हणतो व्हय?"

"गेममध्ये का मेलास ते कळलंय म्हणून म्हणतो."

"ज्ञाना, चावी दे. हायवेखालच्या बोगद्यात गर्दी लागती. पोरं गेटवर उभी राहतील."

"नाही देणार."

"इतकी वर्षं चालवतो मी. एका पोराला खरचटलं नाय आजवर. तू मला शिकवणार? तुला सायकल कोणी शिकवली?"

त्यानेच शिकवली होती. मला दादाची भीती वाटते, चाळिशी ओलांडली तरी वाटते, आणि त्या क्षणी तो एक पाऊल पुढे आला तेव्हा मी मागे सरकलो. पण चावी सोडली नाही. आवाज ऐकून चैताली स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती एकदम पांढरी पडली.

"दादा," ती म्हणाली, "हर्षाली असते त्या गाडीत."

"तुलाबी माझा भरवसा नाय?"

तिने नजर खाली घेतली. दादाला ते माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्याने हात पुढे केला. "चावी दे म्हणतो ना."

"देतो," मी म्हणालो. "फक्त माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही. चावी घे आणि जा."

"पोरखेळ लावलाय."

"नाही ना तुला काही झालेलं? मग घे आणि जा. मी आडवा येणार नाही."

तो माझ्या नाकाकडे बघू लागला. मी चावी मुठीत आवळून, तिचा लाल गोंडा तेवढा बाहेर सोडून, हात बाजूला लांब केला. 

"कुठंय?"

"धरलीय. घे."

त्याचा हात माझ्या छातीसमोर हवेत फिरला. मी मूठ हळूहळू आत आणू लागलो. खांद्याच्या रेषेत आली, तरी तो हात तसाच फिरत होता. चैतालीने पदर तोंडाशी धरला. मला वाटत होतं, आता दिसू दे, आता तरी दिसू दे, मी मूर्ख ठरू दे. गोंडा माझ्या कानाला टेकला तेव्हा कुठे दादाची बुबुळं हलली.

चावी त्याच्या हातापासून वीतभर होती. त्याने ती घेतली नाही.

"इतका येळ कुठं होती?" त्याने विचारलं.

"इथेच होती, दादा."

तो सोफ्यावर बसला. समोरच्या मोठ्या टीव्हीवर गेमचं पहिलं पान तसंच होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"अप्पांचं असंच झालं व्हतं ना रे?"

"हो."

त्याने खिशातून मोबाईल काढला. त्याच शाळेत कादरभाईंची व्हॅन असते. दोघे रोज गेटवर एकत्र चहा घेतात. "कादरभाई, माझी पोरं आज तुझ्या गाडीत घे. दोन फेऱ्या पडतील तुला, पण घे. एकेकाला दारात सोड." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाय," दादा म्हणाला, "गाडी ठीक हाय."

 चैतालीने चहा आणला. दादासमोर कप ठेवताना ती थबकली आणि तिने तो अगदी त्याच्या समोर, मधोमध ठेवला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कोणाचा ते कळत नव्हतं. चावी माझ्या मुठीतच होती.

बाहेर कादरभाईंचा हॉर्न वाजला आणि हर्षाली आत आली. दप्तर पाठीवर, बूट अर्धवट सुटलेले. दादा दाराला बाजू देऊन बसला होता. ती त्याच्या कुशीत घुसेल असं मला वाटलं, कारण दादावर तिचा फार जीव. पण ती टीपॉयला वळसा घालून पुढे गेली, बरोबर त्याच्या समोर उभी राहिली आणि तिने हात वर केला. दादाने पाहिलं, हसायचा प्रयत्न केला, "आली का गं," म्हणाला. मग तिने हात खाली घेतला.

"हात कशाला वर केलास?" मी विचारलं.

"काकांना तसंच दाखवायचं असतं," ती म्हणाली. "गाडीतून उतरलं की बाजूने घरी नाही पळायचं. आधी गाडीच्या पुढे येऊन हात वर करायचा. काका हसले की मगच जायचं. छोट्या मुलांना आम्ही हाताला धरून पुढे आणतो."

"तसं काकांनी सांगितलंय?"

"नाही. आमचं आम्ही ठरवलंय. बाजूला कोणी असलं तरी काका गाडी चालू करतात ना."

चैताली उठून आत गेली. दादा हर्षालीकडे बघत होता.

"कधीपासनं गं?" त्याने विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून," हर्षाली म्हणाली आणि खाली बसून बुटाची नाडी सोडू लागली.

 दादाने माझ्याकडे मान वळवली, मी नेमका कुठे उभा आहे ते शोधलं आणि म्हणाला, "ज्ञाना, ती चावी मला परत देऊ नको. मी मागितली तरी देऊ नको."