प्रभारी सर

"सर, पाटी आत्ताच काढू का मॅडम आल्यावर?" दादू शिपाई हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्टुलावर उभा होता.

"आत्ताच काढ. त्यांना बघायला नको," बळवंत सर म्हणाले.

पाटी खाली आली. डॉ. बळवंत तांडेल, प्रभारी प्राचार्य.

बोरिवलीच्या या कॉलेजात सरांना सहा महिन्यांसाठी म्हणून खुर्चीत बसवलं होतं, त्याला सात वर्षं झाली. कायम प्राचार्य नेमायला कधी सरकारची परवानगी अडली, कधी विद्यापीठाचा प्रतिनिधी आलाच नाही, एकदा तर ऐन मुलाखतीच्या तोंडावर स्थगिती आली. गेल्या महिन्यात अखेर मुलाखती झाल्या. सरांनीही अर्ज केला होता. समितीतल्या एकाने विचारलं, "या सात वर्षांत शोधनिबंध किती?" सर म्हणाले, "एकही नाही." शिष्यवृत्त्या, गळकी छपरं, अडकलेले निकाल यांत वर्षं कशी गेली, हे काही त्यांना तिथे नीट सांगता आलं नाही.

सकाळी बायको, मथुरा, म्हणाली होती, "आजच्या दिवस रजा टाका ना."

"रजा टाकली तर रुसलो असं वाटेल गं."

नव्या प्राचार्या, डॉ. कल्पिता पारुळेकर, घाटकोपरहून आल्या. वयाने सरांपेक्षा बऱ्याच लहान. दारातच थबकल्या.

"सर, तुम्ही बसा ना आजच्या दिवस. मला फार ऑकवर्ड होतंय."

"बसा हो. ती खुर्ची डावीकडे कलते, तेवढं फक्त सांभाळा."

त्या बसतायत तोच दार ढकलून एक बाई आत आली. शकुताई, तिसऱ्या वर्षाच्या सिद्धेशची आई. तिने मॅडमकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर, काय चाललंय हे? माझ्या पोराने पेपर दिलाय, मी स्वतः सोडायला आलेले. आणि निकालात अ‍ॅबसेंट! सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय त्याला. निकाल नसला तर घेणार नाहीत. वाट लागली ना त्याची!"

सरांचा हात सवयीने फोनकडे गेला. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. मग त्यांनी हात मागे घेतला.

"शकुताई, या आपल्या नव्या प्राचार्या. यांना सांगा."

"नवीन बाई काय करणार? मला तुम्हीच पाहिजे."

मॅडमचा चेहरा पडला. सरांना मात्र आतून गोड वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"अहो, मी तरी काय करत होतो? फोनच ना? त्यांनाही येतो तो करता."

मॅडम उठल्या, शकुताईच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "कुठला पेपर होता, ताई?" सगळं ऐकून त्यांनी फोन लावला. पलीकडून कुणीतरी उद्या या म्हणालं असावं.

"उद्या नाही, आज येतेय. मी पोचेपर्यंत जागेवर थांबा," मॅडम म्हणाल्या.

असं सरांना कधी बोलता आलं नव्हतं. ते नेहमी 'जरा बघा ना' म्हणायचे.

"सर, येता बरोबर?"

जायला त्यांना फार आवडलं असतं. "मला तीनला प्रॅक्टिकल आहे," ते म्हणाले. "शकुताई, जा तुम्ही मॅडमबरोबर."

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाची मुलं होती, प्रवेश नुकताच झालेली. सरांचा जुना पांढरा कोट पोटावर बसेना, तो तसाच उघडा ठेवून ते टेबलाटेबलामधून फिरू लागले. प्रॅक्टिकल संपत आलं तेव्हा फोन वाजला. मॅडम होत्या. चूक विद्यापीठाने कबूल केली होती, निकाल उद्या दुरुस्त होणार होता. मागे शकुताईचा रडका-हसरा आवाज येत होता. "छान झालं," एवढंच म्हणून सरांनी फोन खिशात टाकला.

पुढच्या टेबलावरच्या निधीने मान वर केली.

"सर, तुम्ही नवीन आलात का?"

"हो," सर म्हणाले. "आजच. ब्यूरेट धर बघू. अगं, अशी नाही, सरळ."