गुरुवारची खुर्ची

त्याने दुकानातली खुर्ची आडवी केली, गुडघे टेकून खाली वाकला आणि खिशातली टेप काढून तिच्या पोटातल्या लोखंडी पट्ट्या मोजू लागला.

"काका, विकत घ्यायचीय की नकाशा काढायचाय?" विक्रेत्याने विचारले.

"सवय हो," तो म्हणाला आणि टेप मिटली.

सवय जुनी होती. उभे आयुष्य त्याने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काढले होते. जी वस्तू आपल्या हातून होऊ शकते तिच्यासाठी पैसे मोजणे त्याला उधळेपणाहूनही वाईट, हातांचा अपमान वाटे. बायकोने दुकानात कशाकडे दोनदा पाहिले की टेप बाहेर येई आणि पाठोपाठ ते ठरलेले वाक्य, "घरीच करतो की!" घरातली कपाटे, मांडण्या, दिव्यांचे खांब सगळे त्याच्या हातचे होते, भक्कम, आणि मूळ वस्तूपेक्षा थोडे जड.

खुर्ची तेवढी झाली नव्हती. फार वर्षांपूर्वी याच दुकानात बायको अशा एका खुर्चीत सहज टेकली होती. पाठ मागे कलली, पायांखालचा भाग आपोआप वर आला आणि तिने डोळे मिटले. तेवढ्यापुरती ती घरातल्या सगळ्यांना विसरली होती, त्यालाही. तिचा तसा चेहरा त्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. तो आणखी थोडा वेळ पाहत राहण्याऐवजी त्याने खाली वाकून मापे घेतली होती.

सांगाडा त्याने केला, पण पाठ पूर्ण कलली की 'कट्ट' असा आवाज होऊन हिसका बसे. पट्ट्या घासल्या, बदलल्या, आवाज जाईना. सांगाडा वर्कशॉपच्या भिंतीवर टांगला गेला. पुढेपुढे बायकोने विचारणेही सोडले. आता वर्कशॉप जागेसकट विकले होते आणि दोघांना खर्चून संपणार नाही एवढा पैसा आला होता. "बाबा, आता तरी हात सैल सोडा," असे लेक फोनवर दर वेळी बजावत असे. त्यानंतर तो या दुकानात अनेकदा येऊन गेला होता, आणि दर वेळी नुसती मापे घेऊन परतला होता.

"घेतो," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला.

पैसे देताना त्याने नोटा दोनदा मोजल्या. कोणी ओळखीचे पाहत तर नाही ना, म्हणून त्याने काचेबाहेर नजर टाकली. खुर्ची संध्याकाळी घरी पोचणार होती.

गुरुवार होता. दर गुरुवारी दुपारी बायको धाकट्या बहिणीकडे जाई. खुर्ची येईल तेव्हा ती घरात हवी, म्हणून तो तिला आणायला निघाला. "तुझ्यासाठी घेतली," हे वाक्य त्याने वाटेत बऱ्याचदा मनात म्हणून पाहिले. तो चेहरा या वयात पुन्हा दिसेल का, एवढीच धास्ती होती.

मेहुणीने दार उघडले, पण ती दारातच उभी राहिली.

"भाऊजी! आज इकडे कुठं वाट चुकलात?"

"तिला न्यायला आलोय."

"झोप लागलीय तिला. उठली की पाठवते. तुम्ही व्हा पुढं."

"थांबतो की. का घरात घ्यायचं नाही ठरवलंयस?"

ती नाइलाजाने बाजूला झाली.

मागच्या खोलीत, खिडकीजवळ, तशीच खुर्ची होती. हातांवरचे कापड झिजून त्याचा रंग उडाला होता. बायको मागे कलून झोपली होती, आणि तोच चेहरा होता.

"कधीची?" त्याने हलक्या आवाजात विचारले.

"झाली बरीच वर्षं. शिवणाच्या पैशांतून घेतली तिनं. तुझ्याकडंच राहू दे म्हणाली." मेहुणी कुजबुजली. "तुम्ही इतकं मनापासून करत होतात ना! म्हणाली, कळलं तर ते हातातलं काम टाकून देतील. रागावू नका, भाऊजी."

राग आलाच नाही. जो चेहरा पुन्हा पाहण्यासाठी तो पट्ट्या घासत बसला होता, तो चार गल्ल्यांपलीकडे दर गुरुवारी उमटत होता.

बायकोने झोपेतच पाय खाली दाबले. खुर्ची तिच्यासोबत सरळ झाली. कसलाही आवाज झाला नाही, हे त्याच्या कानांनी टिपले. डोळे उघडताच तो दिसला आणि तिचा तळहात झटकन झिजलेल्या कापडावर गेला.

"अहो, तुम्ही? ही... हिची खुर्ची आहे. मी आपली जरा टेकले."

मेहुणी खिडकीबाहेर पाहू लागली.

वाटेत घोकलेले वाक्य त्याने गिळले.

"छान आहे," तो म्हणाला. "अशीच एक आज घेतली मी. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी? विकत?"

"हो."

"मापं नाही घेतलीत?"

"घेतली. मला नाही जमायची ती."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्याने कोपऱ्यातले स्टूल ओढले आणि तिच्याशेजारी बसला.

"संध्याकाळी येईल म्हणाले. घाई नाही. पड तू अजून थोडी."

तिने पाठ मागे टेकली. डोळे लगेच मिटले नाहीत, पण तळहात हळूहळू त्या कापडावरून बाजूला सरकला. खिशातली टेप त्याच्या मांडीला टोचत होती. तो न हलता नुसता पाहत राहिला.