शेवटचं पान गोजराकडे होतं

मित्रांनो, मी एका जुन्या मासिकाचं शेवटचं पान आहे. पानाचं आयुष्य म्हणजे नुसतं मऊ, गुळगुळीत, असं तुम्हाला वाटत असेल. छे! माझा जन्मच मारात झाला. छापखान्यात मला रुळाखाली दाबलं, यंत्रानं कडा छाटल्या आणि आमच्या अख्ख्या अंकाच्या पोटात दोन पिना ठोकल्या. पुढे वाशीच्या एका फ्लॅटमध्ये वर्षभर आमची गुंडाळी करून माश्या मारल्या.

१९८४ साली रद्दीत जाता जाता आम्ही वैजयंतीबाईंच्या हाती लागलो. बाई खाडीकाठच्या एका गावात चौथीला शिकवत. वर्गात चौदा पोरं, आणि निम्म्यांना धड वाचता येत नव्हतं. आधीचे गुरुजी अक्षर अडलं की पट्टी उभी धरून बोटांवर मारत. त्यामुळे पुस्तक उघडलं की पोरं आधी हात मागे लपवत.

बाईंनी पुस्तक बाजूला सारलं. आमच्या पिना उपसल्या, ब्लेडनं मधोमध कापलं आणि एकेकाला एकेक पान दिलं. अंकात एकच लांबलचक गोष्ट होती, वादळात सापडलेल्या कोळ्याची. रोज एकानं आपलं पान मोठ्यानं वाचायचं. आधी ओळखीचे शब्द शोधा, असं बाई सांगत. होडी, जाळं, वल्हं हे शब्द तर पोरांच्या घरातलेच होते.

मी गेलो गोजराकडे. तिला अक्षरं यायची, पण ती जुळवताना घाम फुटायचा. तिची आई शेवंताबाई मिठागरावर राबायची. यंदा वाचता आलं नाही तर शाळा बंद, डोक्यावर मिठाची टोपली, असं आईनं बजावलं होतं. म्हणून गोजरानं आपली अडचण कुणालाच कळू दिली नाही.

नवव्या दिवशी गोष्टीतला कोळी पाण्यात पडला. तो वाचला की नाही, ते माझ्यावर छापलेलं होतं. वर्गातल्या शिवरामला दम धरवेना. त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी खाडीत गेला तो परत आला नव्हता. त्यानं गोजराला बांधावर अडवून शेवट विचारला. वाचता येत नाही, हे तिला सांगायचं नव्हतं. ती म्हणाली, "नाय सांगत." त्यानं तिच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी झिंज्या धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिनं मला पोलक्यात कोंबलं, मार खाल्ला आणि संध्याकाळी ती एकटी बसून माझ्यावर बोट फिरवत राहिली. मला हात असते तर शिवरामला चांगला बदडला असता.

चौदाव्या दिवशी बाई यायच्या आत शिवरामनं मला हिसकावलं. माझा कोपरा टर्रकन फाटला. तो माझ्याकडे बघत राहिला, ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्यालाही जमत नव्हतं! स्वतःचं पान त्यानं नुसतं पाठ करून म्हटलं होतं. त्यानं मला गोजराच्या तोंडावर फेकलं.

"वाच."

गोजरानं वाचलं. अडखळत, थांबत, पण वाचलं. कोळ्यानं फुटक्या फळीला मिठी मारली होती आणि तिसऱ्या दिवशी तो किनाऱ्याला लागला होता.

शिवरामनं तिच्या तोंडावर ठोसा मारला. "खोटं हाय. बुडालेला मानूस परत येत नाय."

"लिवलंय तसंच वाचलं मी," गोजरा म्हणाली. तिच्या ओठातलं रक्त माझ्यावर ठिबकलं.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी शिवरामला खेचलं आणि संतापानं हात उगारला. सगळ्या वर्गाची बोटं पाठीमागे गेली. ते पाहून बाईंनी हात खाली घेतला. काय झालं ते विचारलं, मला उचललं आणि मनातल्या मनात वाचलं.

"शब्दन् शब्द बरोबर वाचलाय तिनं," त्या म्हणाल्या.

इतके दिवस मार खाऊन न रडलेली गोजरा तेव्हा हमसून हमसून रडली. शिवराम भिंतीशी जाऊन बसला. मान वर न करता तो म्हणाला, "परत वाच."

सुजलेल्या ओठांनी गोजरानं परत वाचलं.

मित्रांनो, पानं जपा, असं सगळीच पुस्तकं सांगतात. मी नाही सांगणार. मला कापा, फाडा, माझ्यात सुकट बांधा. पण वाचताना अडलेल्या पोरावर हात उगारू नका.