दोन बोटं आखूड पाय

यानेतच्या पत्राला एलिसेओ मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता मेदेयिन शहरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. पत्र अगदी सरळ होतं. 'दर ऑगस्टात आपल्या डोंगरातली माणसं फुलांनी रचलेली लाकडी चौकट, आपली सियेता, पाठीवर बांधून मिरवणुकीत चालतात आणि सप्टेंबरात कंबर धरून माझ्याकडे येतात. मी मे महिन्यातच येते, पाठी तयार करून घेते. शाळेचा हॉल द्या आणि लोकांना सांगा. तुमचं ऐकतील.'

हॉलची किल्ली मास्तरांच्याच खिशात असायची. गाडी अडली ती शेवटच्या वाक्यावर. आपलं कोण ऐकणार? त्यांनी उत्तराचे मसुदे केले, फाडले आणि पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

जुलैत हॉल मागायला दुसराच माणूस आला. तो समोर येऊन उभा राहिला, आणि समोरच्याला नाही म्हणणं मास्तरांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी किल्ली दिली.

हा माणूस म्हणजे प्रार्थनेनं दुखणी बरी करतो म्हणणारा बंधू कासिमिरो. पांढरा सदरा, मधाळ आवाज. शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतही माणसं लटकलेली. कासिमिरो एकेकाला खुर्चीत बसवी, पाय सरळ करायला लावी आणि रबरी बुटांच्या टाचा तळहातांवर धरी.

"दुखतंय कुठे? कंबरेत! का? सैतानानं पाय ओढून घेतलाय म्हणून! बघा, दोन बोटं आखूड!"

खरंच एक बूट मागे दिसे. लोक छातीवर क्रूस काढत. कासिमिरो डोळे मिटून पुटपुटे, सगळे गाऊ लागत आणि बूट हळूहळू बरोबरीला येई. मग टाळ्या. मग देणगीचा डबा.

ओतिलिया खुर्चीत बसली तेव्हा मास्तर पुढे सरकले. ती त्यांची शेजारीण. मिरवणुकीतली जागा तिला आईकडून आली होती. बटाटे काढताना तिची पाठ धरली होती, आणि रविवारी मिरवणुकीच्या समितीसमोर भरलेली सियेता उचलून दाखवली नाही तर जागा जाणार होती. तिनं मिरवणुकीतल्या दोरीच्या चपला आणल्या होत्या.

"बंधू, याच घालून बसते. म्हणजे यांनाही आशीर्वाद मिळेल."

"नको, बूटच राहू दे," कासिमिरो घाईनं म्हणाला. "उघड्या टाचेवरून कृपा घसरते."

पाय लांब झाला. ओतिलिया उठली, वाकली, रडली. "दुखत नाहीये हो!"

"रविवारी पूर्ण वजन उचल," कासिमिरो म्हणाला. "कच खाल्लीस तर पाय पुन्हा आखडेल."

मास्तर घरी आले. उंबऱ्यावर बसून चिखलाचा बूट ओढू लागले. रोजच्यासारखा आधी बूट पुढे सरकला, पाय आतल्या आत जागच्या जागी राहिला. मास्तर तो अर्धवट बूट बघत बसले. गुळाचं पाणी निवून गेलं.

शनिवारी सभा रंगात आली असताना त्यांनी हात वर केला.

"एक शंका होती."

"शंका सैतानाची असते, मास्तर."

"असेल. पण ओतिलियाचे बूट काढून पाय बघता येतील का?"

"श्रद्धेला बूट काढावे लागत नाहीत!"

"काढते की," ओतिलिया म्हणाली. "पाय माझेच आहेत."

उघडे पाय अगदी सारखे होते.

"पाहिलंत?" कासिमिरो गरजला. "कालची कृपा टिकली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर खाली बसणारच होते, पण ओतिलिया कोपऱ्यात आणून ठेवलेल्या उद्याच्या सियेतेकडे बघत होती. त्यांनी बसचालक एरिबेर्तोला खुर्ची दाखवली.

"मला काय झालंय? मी ठणठणीत आहे!"

"म्हणूनच."

मास्तरांनी त्याच्या टाचा धरल्या, उजवा बूट किंचित बाहेर ओढला. डावा पाय दोन बोटं आखूड झाला. मास्तर पुटपुटले, बूट हळूच आत ढकलला. पाय सारखे झाले.

"अगं बाई! मास्तरांच्या हातातही कृपा आहे!" मागून एक म्हातारी ओरडली. "मास्तर, माझा गुडघा बघा!" आणि लोकांनी रांग लावली.

आयुष्यात पहिल्यांदाच लोक मास्तरांचं ऐकायला तयार होते. ते घाबरून गेले.

"कृपा नाही हो, बूट ढिला आहे! पाय आहे तेवढाच आहे. मी पुटपुटत होतो तो साताचा पाढा होता."

एरिबेर्तोनं शेजाऱ्याचे बूट धरून पाहिले. मग बाकीच्यांनीही. थोड्याच वेळात अख्खा हॉल एकमेकांचे पाय आखूड-लांब करत खिदळत होता. कासिमिरो मागच्या दारानं गेला. डबा न्यायला विसरला नाही.

ओतिलिया मात्र हसली नाही. "मग काल दुखायचं थांबलं कसं?"

"थांबलं हे खरंच," मास्तर म्हणाले. "सगळे आपल्यासाठी गातात, तेव्हा दुखणं थोडा वेळ मागे सरतं. उद्या वजन पाठीवर येईल, तेव्हा गाणं पुरायचं नाही."

"मग काय करू?"

"ते मला ठाऊक नाही. यानेतला ठाऊक आहे."

रविवारी सियेता ओतिलियाच्या मुलीनं उचलली. एका वर्षापुरती जागा मुलीला देता येते, असं समितीनं सांगितलं. ओतिलिया यानेतकडे गेली. यानेतनं बूट काढायला लावले, पाठ, पोट, मांड्या तपासल्या आणि सांगितलं की पोटाचे नि कुल्ल्यांचे स्नायू लेचेपेचे झालेत, म्हणून सगळा भार कंबर एकटी सोसते. पाठीवर पडून कुल्ले उचलायचे. वाकायचं ते गुडघ्यांतून. मग रिकामी चौकट पाठीवर, मग त्यात थोडे बटाटे, दुखलं तर कमी करायचे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण नोव्हेंबरात ओतिलिया दुधाची बादली कण्हल्याशिवाय उचलू लागली.

"मास्तर," एक दिवस ती कुंपणावरून म्हणाली, "यानेत विचारत होती, पत्र पोचलं का म्हणून."

त्या संध्याकाळी मास्तरांनी शब्दकोश उघडला. या वेळी मसुदा केला नाही.

'प्रिय यानेत, पत्र पोचलं होतं. हॉल रिकामा आहे, मे महिन्याची वाट बघू नकोस. इथे चमत्कार होणार नाही, वेळ लागेल, घाम येईल, हे मी लोकांना आधीच सांगतो. जो कुणी बरं करतो म्हणेल त्याला कसं ते विचारा, आणि तो सांगेना तर उठून या, हेही सांगतो. ऐकतील की नाही ठाऊक नाही. येताना मात्र सगळे बूट दाराबाहेर काढतील.'

सकाळी ते एरिबेर्तोच्या बसनं शहरात गेले आणि पाकीट स्वतःच्या हातानं पेटीत टाकून आले.