पाय फुटलेला नागराज

रविवार, २७ जुलै २०२५. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या भाड्याच्या एका हॉलमध्ये चौसष्ट माणसं श्वास रोखून बसली होती. त्यांत सॉफ्टवेअरवाले होते, नर्स होत्या, दोन डॉक्टरही होते. इथे जुलै म्हणजे हिवाळा; हॉल इतका गारठलेला, की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. समोर चौरंगावर, केशरी वस्त्रावर, हातभर लांबीचा एक पट्टेरी जीव लाकडासारखा ताठ पडला होता.

"कियोरा, भक्तगण!" इथला माओरी नमस्कार करत नितीशनाथ महाराज गरजले. "या देशात साप आहे का?"

"नाही!"

"सरकार येऊ देतं का?"

"नाही!"

"मग नागराजांनी तुमच्या हाकेला धावायचं कसं? एअरपोर्टवरच अडकले असते! म्हणून त्यांनी चार पाय धारण केले. सापाचे पाय सापालाच ठाऊक, भक्तहो! आज सहा दिवस ते समाधीत आहेत. आता नामाच्या उष्णतेनं उठतील."

चाळीस मिनिटं जप झाला. मग त्या जिवाची पापणी उघडली, मान हलली, आणि तोंडातून लपकन जीभ बाहेर आली. निळीशार!

"नीलकंठाची खूण!" महाराज ओरडले. हॉलभर हात जोडले गेले.

पहिल्या रांगेत आशालताबाईंनी डोळे पुसले. "उठले हो," त्या पुटपुटल्या. "हे उठले."

शेजारी बसलेल्या गुरुदत्त पेंढारकरांचं लक्ष मात्र त्या जिवाकडे नव्हतं. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवरची मापकं सांभाळली होती. तेव्हा जिथे सगळे बघतात तिथे न बघण्याची त्यांना सवयच लागली होती. ते पाहत होते चौरंगावरच्या वाटीकडे. जपाआधी तिच्यातलं खोबरेल पांढरं, घट्ट होतं. आता ते पाण्यासारखं झालं होतं. आणि चौरंगाच्या पायाशी ठेवलेल्या बाटलीतलं खोबरेल मात्र अजून गोठलेलंच होतं.

परतताना आशालताबाई गाडी चालवत होत्या आणि नागराजांची टोपली गुरुदत्तांच्या मांडीवर होती. बाईंचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा आत्मा नागराजांत वसतो, असं महाराजांनी एप्रिलमध्ये सांगितलं आणि सेवा सोपवली: आठवड्यातले सहा दिवस नागराजांना बाईंच्या गॅरेजमध्ये ठेवायचं, आणि ऊब म्हणून द्यायची नाही.

"गुरुदत्तराव, ह्यांनी तीन आठवडे काही खाल्लं नाही. नाकातून बुडबुडे येतात."

"बाई, आमच्या बार्शीकडे शेंबडं पोरसुद्धा याला ओळखेल. ही सापसुरळी. ही जरा थोराड, ऑस्ट्रेलियातल्या जातीची. इथे लोक रीतसर पाळतात. जीभ तिची जन्मतःच निळी असते."

"पण समाधी?"

"तिच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. बाहेरून मिळाली तर हलते, नाही मिळाली तर गारठून पडते. तुमच्या गॅरेजमध्ये मी काल मोजलं, सहा अंश होतं. तिला बहुतेक न्यूमोनिया झालाय. हीटर लावा."

"तपोभंग होईल. ऊब दिली तर हे मला कायमचे सोडून जातील, असं महाराज म्हणालेत."

"नाही दिली तरी जातील."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागून कुणी हॉर्नही वाजवला नाही. या गावात तेवढंही कुणी कुणाशी बोलत नाही.

"मग मी रोज चहाच्या वेळी बोलते ते कुणाशी?" आशालताबाई म्हणाल्या. "सापसुरळीशी?"

गुरुदत्तांचं घरही याहून बोलकं नव्हतं. त्यांची मुलगी मृणालिनी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. तिच्या कामाच्या पाळ्या, तिची झोप. दिवसभरात त्यांना उद्देशून आवाज करायचा तो घरातला मायक्रोवेव्हच. खोटा का होईना, बाईंना चहाला सोबती मिळाला होता. तो हिसकावून घेणारे आपण कोण, हा प्रश्न त्यांना घरी पोचेपर्यंत टोचत राहिला. पण मांडीवरची टोपली हलत नव्हती.

"मंगळवारी नागपंचमी," उतरताना ते म्हणाले. "मी माझ्या वाट्या आणतो. तुम्ही फक्त वाट्यांकडे बघा. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता हॉल पुन्हा भरला. गुरुदत्तांनी घरून आणलेल्या गोठलेल्या खोबरेलाच्या दोन वाट्या पुढे केल्या. "महाराज, ही माझी सेवा. एक चौरंगावर, एक खाली."

"अवश्य, आजोबा! देवाला भाव लागतो."

जप झाला. नागराज हलले, पण रविवारपेक्षा क्षीण. चौरंगावरचं तेल पातळ झालं होतं; जमिनीवरचं पांढरंच होतं. गुरुदत्तांनी दोन्ही वाट्या उचलून सर्वांसमोर उलट्या केल्या. एकीतून धार लागली, दुसरीतून थेंबही पडला नाही.

महाराज क्षणभरही अडखळले नाहीत. "पाहिलंत? नागराजांच्या तपाचं तेज! तेलसुद्धा वितळलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुदत्तांचे कान तापले. पण बॉयलरवर एक माप खोटं वाटलं तर दुसरं घ्यायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"मग असं करू," ते शांतपणे म्हणाले. "नागराजांना आशालताबाईंच्या मांडीवर द्या आणि ही गोठलेली वाटी रिकाम्या चौरंगावर ठेवा. तेज नागराजांचं असेल, तर ती तशीच राहील."

"देवाची परीक्षा घेता?"

"छे हो. तेलाची."

कुणीतरी हसलं. मागून एक डॉक्टर म्हणाले, "ठेवू द्या ना महाराज, काय बिघडतंय?" आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. वाटी ठेवली गेली. आशालताबाई शालीत गुंडाळलेला जीव छातीशी धरून तिच्याकडे टक लावून बसल्या. दहा मिनिटांत तेलाचा काठ सुटला. वीस मिनिटांत तेल हिंदकळू लागलं.

बाई उठल्या. कुणी अडवायच्या आत त्यांनी केशरी वस्त्र ओढून काढलं. खाली विजेवर तापणारी रबरी चटई होती. तिची वायर चौरंगाच्या पायामागून, गालिच्याखालून भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती.

"माझ्या गॅरेजमध्ये ऊब दिली तर पाप," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या चौरंगावर तप होय?"

"ताई, श्रद्धा महत्त्वाची..."

"ही मरायला टेकली होती. ही! आणि मी हिला 'अहो' म्हणत होते."

सगळे काही आनंदले नाहीत. निघताना एक तरुण गुरुदत्तांना म्हणाला, "काका, लोकांना चार घटका बरं वाटत होतं. तुमचं काय जात होतं?" गुरुदत्त बाईंच्या गाडीत बसले, गाडीतला हीटर त्यांनी पूर्ण फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पशुवैद्याकडे गेले.

निदान न्यूमोनियाचंच निघालं. बाईंचं भाड्याचं घर जुनं, खिडक्यांच्या काचा एकेरी. ते गरम करणं शक्य नव्हतं. म्हणून गुरुदत्तांनी जुन्या कपाटाची पेटी केली, तिला तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावला आणि गार फरशीवरून ती फूटभर उचलली. एका टोकाला दिवा आणि तेहतीस अंश, दुसऱ्या टोकाला चोवीस. दोन्हीकडे तापमापक, मध्ये थर्मोस्टॅट. ऊब हवी तेव्हा तिनं घ्यावी, नको तेव्हा सरकावं.

चहाच्या वेळी आशालताबाई आता तिच्याशी बोलत नाहीत. "ती खाते, दिव्याखाली बसते, माझ्याकडे बघते," त्या म्हणतात. "पण हे नाहीत ते नाहीतच." त्या घरातली शांतता कुठल्याही थर्मोस्टॅटनं कमी होत नाही, आणि ती कमी झाली असं सांगणं हीसुद्धा एक भोंदूगिरीच ठरेल.

म्हणून वाचकहो, एवढंच सांगणं आहे. माणूस एकटा पडला, की चमत्कार त्याचं दार नेमकं शोधून काढतो. त्याला बसायला जागा द्यायच्या आधी त्याच्या आसनाखालचं वस्त्र उचलून पाहा. जो उचलू देत नाही, त्याच्यापाशी लपवण्यासारखं काहीतरी आहे. आणि शेजारचं कुणी एकटं असेल, तर नागराजांच्या आधी तुम्ही त्याच्याकडे चहाला जा.

सापसुरळीचं वजन तीस जुलैला दोनशे बासष्ट ग्रॅम होतं. तीस नोव्हेंबरला ते चारशे अठरा ग्रॅम भरलं.