लोक हसू नयेत म्हणून

मैनेचे पुढचे गुडघे टेकले तेव्हा ताराचंद दावणीशीच उभा होता. गाय नेहमी बसते तशी ती बसली नाही, कोसळलीच. तोंडाला फेस आला, नाकपुड्या फुलल्या आणि छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली.

"मामाजी, डॉक्टरले फोन करा ना! असे काहून उभे राहिले?" हर्षा ओरडली. ओढणी कमरेला बांधून ताराचंदची सून गोठ्यात शेणातच बसली होती. गायीची मान तिने मांडीवर घेतली होती.

मोहाडीहून मोटारसायकलवर डॉक्टर येईपर्यंत मैना थंड पडली होती. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मग सुईने थोडं रक्त काढलं. ते लाल नव्हतं. उकळून उकळून आटलेल्या चहासारखं तपकिरी होतं.

"सकाळी काय चारलं?"

"वावरातला हिरवा मका," हर्षा म्हणाली.

"युरिया किती टाकला होता?"

"पेरताना टाकला तेवढाच. मका गुडघ्याएवढा झाला तवा मी माती तपासली. नत्र पुरेसं निघालं, म्हणून दुसरा हप्ता दिलाच नाही."

डॉक्टरांनी भुवया आवळल्या. "लक्षणं तर जास्तीच्या युरियाचीच आहेत. युरिया खूप पडला आणि वर पाण्याचा ताण बसला, की मक्याच्या धांड्यात विष साचतं. नहराचं पाणी बंद आहे ना सध्या? मग ताई, एक तर तुमचं तपासणं चुकलं, नाहीतर गायीनं दुसरंच काहीतरी खाल्लं."

हर्षाचा चेहरा पडला. "माझंच चुकलं असन," ती पुटपुटली.

ताराचंदने नजर दावणीकडे वळवली.

बचत गटाकडून हर्षा शहापूरला माती परीक्षण शिकून आली होती. वावराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून माती काढायची, एकत्र कालवायची, सावलीत वाळवायची आणि शिशीत औषध घालून पाण्याचा रंग पाहायचा. आधीच्या साली धानाच्या त्या बांधीत नत्र धरणारं लाखोरीचं कडधान्य होतं, शेणखतही भरपूर पडलं होतं. मक्याला पुरेल एवढं नत्र जमिनीतच आहे, असं तिने ठामपणे सांगितलं. गटातल्या बाया म्हणाल्या, तुझा मका पाहू, मग आमचं ठरवू.

पण चहाच्या टपरीवर ताराचंदला टोमणे बसू लागले. "काय गा ताराचंद, सुनेच्या शिशीतलं पानी पाहून शेती करतं का?" तो हसण्यावारी न्यायचा. घरी येताना मात्र शेजारच्या वावरातला काळपट हिरवा मका पाहायचा आणि आपल्या मक्याची खालची पानं त्याला पिवळी दिसायची. मुलगा तुमसरच्या राइस मिलमध्ये राहायला गेल्यापासून शेतीचं सगळं हर्षानेच अंगावर घेतलं होतं. या पोरीचं गावात हसं व्हावं, हे त्याला सोसेना. एका पहाटे ती उठायच्या आत त्याने दुपट्ट्यात बांधून नेलेला युरिया फेकून पाणी सोडलं. आठवड्याने पुन्हा फेकला.

मका असा काही तरारला की बाया पाहायला आल्या. "पाहा, युरिया नाही तरी कसा हिरवागार हाये!" हर्षा सांगत होती. तिचा फुललेला चेहरा पाहून ताराचंदला आपण पुण्याचंच काम केल्यासारखं वाटलं होतं.

"वैरणीचा नमुना तपासायला पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "तोवर हा मका कोणत्याच जनावराला घालू नका. दुसऱ्या कोणाला दिला आहे का?"

"नाही जी, कोणालेच नाही," हर्षाने सांगितलं.

सकाळी वावरातून येताना ताराचंदनेच मोठ्या कौतुकाने एक पेंढी गिरजाबाईच्या अंगणात टाकली होती. हर्षाला त्याचा पत्ताही नव्हता.

तो निघाला आणि वळणाआड होताच धावू लागला. म्हाताऱ्या पायांत चप्पलही नव्हती. गिरजाबाईचं घर बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपलीकडे होतं. एकटी बाई, नुकत्याच व्यायलेल्या म्हशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. तो पोहोचला तेव्हा पेंढी सुटलेली होती आणि म्हशीच्या तोंडात हिरवं पान होतं.

त्याने ते पान ओढून काढलं, पेंढी कवेत धरली.

"काय जी भाऊजी, देल्ली पेंढी वापस नेता?" गिरजाबाई चकित झाली.

"नोको चारू. विष हाये त्याच्यात. मैना मेली."

"अगं माय! पन हर्षानं तं काईच टाकलं नाई ना?"

"तिनं नाई टाकलं," ताराचंद म्हणाला. "मी टाकलो."

गिरजाबाईने तोंडावर हात ठेवला. म्हशीने किती घास खाल्ले, तिला सांगता येईना. ती म्हशीच्या गळ्यात पडून रडू लागली.

आता डॉक्टरांना आणल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो घरी परतला तेव्हा डॉक्टर हात धूत होते. हर्षा त्यांच्या हातावर पाणी घालत होती.

"साहेब, गिरजाबाईची म्हैस पाहा पयले. पेंढी मीच देल्लो होतो." त्याला धाप लागली होती. "अन् युरिया मी टाकलो. दोन खेपा. पोरीचं तपासनं बराबर होतं."

हर्षाच्या हातातला तांब्या तसाच वाकलेला राहिला. पाणी जमिनीवर सांडत होतं.

"लोक तुले हसून राहिले होते म्हणून..." तो म्हणाला.

"हसू द्याचं होतं, मामाजी," ती हळूच म्हणाली. "मैनेले मी माझ्या हातानं चारलं."

डॉक्टरांनी म्हशीच्या शिरेत निळं औषध सोडलं. संध्याकाळी ती उठली, पाणी प्याली. मैनेला वावराच्या कडेला पुरलं. बाया भेटायला आल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही ताराचंदने स्वतःच सगळं सांगितलं; सांगताना मान मात्र वर झाली नाही. टपरीवर लोक आता त्याला हसत होते. त्याने तिकडे जाणंच सोडलं. मका तसाच दाण्यासाठी राखला. दाण्यात विष उतरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

हर्षा एका शब्दानेही त्याला टाकून बोलली नाही. ताट वेळेवर वाढत होती, औषधाची गोळी हातावर ठेवत होती. फक्त पहाटे तो वावराकडे निघाला की ती दारात येऊन उभी राहायची. काही विचारायची नाही, नुसती पाहायची. ताराचंद मग खांद्यावरचा दुपट्टाही घरीच ठेवू लागला. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, मोकळे सोडून तो तिच्यासमोरून जायचा, आणि वळणाआड होईपर्यंत तसाच चालायचा.